कौल आणि कसोटी

गोविंदपुऱ्यात राहणाऱ्याने समुद्रावरील नौकांविषयी लिहावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. भोपाळचा थोरला तलाव सोडला तर आमचा नावांशी संबंध तो कितीसा! परंतु 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे ही वस्ती वाढली आणि त्या निमित्ताने आमच्यासारखी कोकणातील काही कुटुंबे येथे स्थायिक झाली. पुढे 1974 मध्ये ती कंपनी ‘भेल’मध्ये विलीन झाली. माझी सारी नोकरी तेथील तपासणी खात्यात गेली. यंत्र कितीही निष्णात कारागिराने घडविलेले असो, तपासनिसाची सही झाल्यावाचून ते फाटकाबाहेर पडत नसे. आणि त्यात कारागिरालाही कधी अपमान वाटला नाही.

मागील वर्षी मालवणहून भाच्याचा फोन आला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर प्रवासी नेणारी एक जुनी लाकडी होडी तो विकत घेणार होता. माझ्या बहिणीचे दागिने बँकेत गहाण पडायचे होते. मालक देवळातल्या ओळखीचा, सज्जन गृहस्थ. ग्रामदेवतेला कौल लावला होता, तो उजवा मिळाला होता. ‘होडी कोणाकडून तरी तपासून घे,’ असे मी म्हणताच तो संकोचून म्हणाला, “मामा, तसे केले तर त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल.”

मी त्याला एवढेच विचारले, “देवळातील फंडपेटी उघडताना चार माणसे समोर का बसवितात? पुजारी अप्रामाणिक असतो म्हणून का?” देवाने कौल दिला तो धंद्याला. लाकडाचा कौल लाकडालाच विचारावा लागतो, आणि तो समजणारा मनुष्य शोधावा लागतो.

हा शोध सोपा नाही. सर्वेक्षक या एका नावाखाली निरनिराळी कामे करणारी माणसे असतात. प्रमाणपत्रासाठी होडी पाहणारा सरकारी अधिकारी कायद्याने ठरविलेली सुरक्षितता पाहतो. विम्याचा सर्वेक्षक बहुधा हानी झाल्यावर तिचे मोजमाप करतो. खरेदीदाराच्या वतीने होडीची आजची खरी स्थिती सांगणारा मनुष्य तिसरा. विमा नियामक प्राधिकरण सर्वेक्षकांना विभागवार परवाने देते. त्यांत नौकांच्या सांगाड्याचा विभाग स्वतंत्र आहे. तो परवाना पाहावा. पण तेवढ्यावर थांबू नये. लाकडी होड्या त्याने किती तपासल्या, हे विचारावे आणि पूर्वीचा एखादा अहवाल पाहावा. विक्रेत्याने वा दलालाने सुचविलेला मनुष्य घेऊ नये. त्याचे शुल्क आपण द्यावे, ते सौदा होण्यावर अवलंबून नसावे, आणि अहवाल लेखी घ्यावा.

ही युक्ती काही नवी नव्हे. लंडनच्या एका कॉफीगृहात जमणाऱ्या व्यापाऱ्यांनी 1760 मध्ये याच गरजेतून लॉइड्स रजिस्टरची स्थापना केली. आपल्याकडे 1975 मध्ये इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था उभी राहिली. ज्याचे द्रव्य बुडावयाचे, त्याला नौकेची अवस्था आधी कळली पाहिजे, हेच मूळ तत्त्व.

भाच्याने शेवटी रत्नागिरीहून एक अनुभवी सर्वेक्षक बोलाविला. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असल्याने तिचा तळ उघडा होता. त्याने लहान हातोडीने फळी फळी वाजविली, आवाज बद्द येई तेथे टोच्याने दाबून पाहिले, आतल्या फळ्या उचलून खिळ्यांचा गंज तपासला. इंजिन चालवून त्याच्या तेलाचा नमुना घेतला. नोंदणीची कागदपत्रे वाचली आणि होडीवर कर्जाचा बोजा नाही ना, तेही पाहावयास सांगितले. नव्या रंगाखाली, सुकाणूजवळच्या तीन फळ्या पार कुजल्या होत्या. टोचा बोटभर आत गेला.

मालकाचा चेहरा उतरला. त्याला हे ठाऊकच नव्हते. “गेल्या हंगामात माझीच नातवंडे हिच्यात बसून किल्ल्यावर गेली होती,” एवढेच तो पुटपुटला. फळ्या त्याने स्वखर्चाने बदलल्या, किंमतही कमी केली, आणि सर्वेक्षकाने दुसऱ्यांदा पाहिल्यावरच व्यवहार पुरा झाला.

सज्जनाचा शब्द खरा असतो. परंतु तो त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींपुरताच. पाण्याखालच्या फळीची ग्वाही तो कोठून देणार? नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो, तो श्रद्धेने. होडी मात्र तपासूनच त्याच्या स्वाधीन करावी. कारण तिच्यात बसणारा परका प्रवासी आपल्या विश्वासावर बसलेला असतो.