घाटात आमचा ट्रक तापला

आमच्या गावची दिंडी दरवर्षी ज्ञानोबा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जाते. माझी आजी दिंडीत पायी चालते. या वर्षी गुरुजींनी मला रजा दिली, म्हणून मी पुण्याहून सासवडपर्यंत दिंडीच्या ट्रकातून गेलो.

दिंडीचा ट्रक म्हणजे चाकांवरचे घरच असते. त्यात तंबू, वळकट्या, पातेली, शेगडी, पिठाची पोती आणि पाण्याची दोन पिंपे होती. ज्यांना चालवत नाही अशा दोन म्हाताऱ्या त्यातच बसतात आणि त्यातच झोपतात. आमचा ट्रक फार जुना आहे. चढ आला की तो म्हशीसारखा हंबरतो.

पुणे ते सासवड सुमारे ३० किलोमीटर चाल आहे. वाटेत दिवे घाट लागतो. आम्हाला पालखीच्या आधी घाट चढून सासवडला तंबू ठोकायचे होते. ड्रायव्हरकाकांनी मला केबिनमध्ये बसवले व म्हणाले, “रस्त्यात माणसं लई हायेत. माझं ध्यान तिकडं. तू ह्या काट्याकडं बघ. लाल रेघेजवळ गेला की मला सांग.”

मला फार अभिमान वाटला. थोडा वेळ मी काट्याकडे पाहिले. मग घाटाची वळणे आली. खाली भगव्या पताकांची रांग दिसू लागली. मी तिकडेच पाहत बसलो. पुन्हा पाहिले तर काटा लाल रेघेच्या पुढे गेलेला! माझ्या पोटात गोळा आला. आता सांगितले तर काका रागावतील, म्हणून मी गप्प बसलो. एक वळण गेले, दुसरे गेले. इतक्यात पुढून भस्सकन वाफ निघाली.

काकांनी ट्रक कडेला घेऊन बंद केला. क्लीनरने चाकांना दगड लावले. मी तांब्याभर पाणी घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावलो. काका ओरडले, “आरं, हात लावू नगंस! उकळतं पाणी तोंडावर येईल!”

पंख्याचा पट्टा तुटला होता. तो पट्टा पंखा फिरवतो आणि पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला की पाणी फिरत नाही व इंजिन तापते. काकांनी सीटखालून दुसरा पट्टा काढून बसवला. इंजिन निवेपर्यंत आम्ही पाऊण तास थांबलो. मग त्यांनी ओले पोते झाकणावर टाकून ते हळूहळू उघडले. इंजिन चालू करून थोडे थोडे पाणी ओतले. एकदम गार पाणी ओतले तर तापलेल्या लोखंडाला तडा जातो, असे ते म्हणाले.

तोपर्यंत गर्दी वर आली. ट्रक हलवता येईना. दिंड्या आमच्या शेजारून पुढे गेल्या. त्यात आजीही होती. ती म्हणाली, “पोरा, काही खाल्लंस का?” मला रडूच आले.

आम्ही सासवडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस पडत होता. आजी आणि बाकीच्या बायका ओल्या लुगड्यांनी एका दुकानाच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्या दिवशी एकादशी होती. सगळ्यांना खिचडी रात्री उशिरा मिळाली. कोणी कोणाला बोलले नाही. सगळे म्हणाले, “जुनी गाडी, तिला काय करणार?”

रात्री मी आजीला खरे सांगितले. ती म्हणाली, “मला काय सांगतोस? ज्यानं तुला काम दिलं त्याला सांग.”

सकाळी मी काकांकडे गेलो. पाय लटपटत होते. सगळे ऐकून काका म्हणाले, “पट्टा तुझ्यामुळं तुटला न्हाई. पण तू बोलला असतास तर मी तवाच थांबलो असतो. आणखी एक वळण गेलो असतो तर इंजिनच जाम झालं असतं. मग पंढरपूरपातूर म्हाताऱ्यांनी कुठं निजायचं?” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पुढच्या वर्षी बी तूच काटा बघायचा.”

मित्रांनो, चूक झाली तर लगेच सांगावे. उशीर केला की चूक मोठी होते आणि त्रास दुसऱ्यांना होतो.

इयत्ता ४ थी