अर्धीच सांगितलेली गोष्ट

मुलांनो, आमच्या लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते. मी इथेच मावळात प्राथमिक शाळेत शिकवते. एकदा चौथीच्या वर्गात रंगात येऊन मी एक गोष्ट सांगितली. आग्र्यातल्या हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाला १८९६ साली आढळलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढे १९१७ साली पॅरिसच्या फेलिक्स देरेल यांनी जंतूंना खाणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ असं नाव दिलं. जंतूंनाही खाणारं कुणीतरी असतं! मुलं खूश, मीही खूश.

चार दिवसांनी पहिल्या बाकावरची जागा रिकामी दिसली. शेतावरून येताना तो मुलगा नदीचं पाणी ओंजळीनं प्यायला होता. जुलाब-उलट्यांनी पोरगं पार गळून गेलं. ‘‘तुमच्याच भरवशावर प्यायला हो तो, बाई,’’ त्याची आई म्हणाली. मला मान वर करवेना.

बरा होऊन आल्यावर त्यानं विचारलं, ‘‘बाई, मग त्यांनी माझ्या पोटातले जंतू का नाही खाल्ले?’’

आता पुरी गोष्ट सांगणं भागच होतं. एक फाज सगळ्या जंतूंना खात नाही, त्याचे ठरावीकच जंतू असतात. आणि जंतूच्या आत शिरला तरी तो मारेलच असं नाही बरं का! कधी तो आपल्या शेकडो नकला काढून जंतूला फोडतो. कधी जंतूच्याच डीएनएमध्ये स्वतःचा डीएनए गुंफून गुपचूप झोपतो. मग एका जंतूचे दोन झाले, की या पाहुण्याचेही दोन!

पण हे ठरवतो कसं? २०१७ साली इस्राएलच्या शास्त्रज्ञांना मातीतल्या एका जंतूच्या फाजांमध्ये गंमत सापडली. फाज शिरलेला प्रत्येक जंतू बाहेर एक चिठ्ठी सोडतो, अवघ्या सहा अमिनो आम्लांची. चिठ्ठ्या थोड्या, म्हणजे जंतू भरपूर, मारा! चिठ्ठ्या फार झाल्या, म्हणजे जंतू संपत आले. आता सगळेच मारले तर पिल्लांनी राहायचं कुठे? झोपा! ना डोकं, ना डोळे, तरी केवढा हिशेब! अतिनील किरणांनी जंतूचा डीएनए बिघडला, की झोपलेला फाज जागा होऊन घर फोडून निघतो.

पटकीच्या जंतूला तर विष बनवायची कृतीच त्याच्यात मुक्काम ठोकलेल्या एका फाजानं दिलेली असते. हे १९९६ साली कळलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘हे आधी का नाही सांगितलंत, बाई?’’