थर्ड शिफ्टमधले मर्ढेकर

बा. सी. मर्ढेकर मला भोसरीच्या एमआयडीसीत भेटले. टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर असलेल्या काकांनी थर्ड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या पिशवीतून त्यांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी काढली आणि म्हणाले, “गोष्ट शोधू नकोस. माणसाच्या डोक्यात काय चाललंय, त्याच्या मागं मागं जा.”

कादंबरी १९४२ची. तिच्या वीस वर्षं आधी, २ फेब्रुवारी १९२२ला, जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ पॅरिसमध्ये निघाली होती. त्यात डब्लिनमधला एकच दिवस आहे, १६ जून १९०४. जाहिराती मिळवणारा लिओपोल्ड ब्लूम शहरभर हिंडतो. भूक, बायको, तान्हेपणीच गेलेला मुलगा, दुकानाची पाटी, सगळं त्याच्या मनात येईल तसं कागदावर उतरतं. शेवटी त्याची बायको मॉली अंथरुणात पडून विचार करते, तेव्हा विरामचिन्हंसुद्धा जवळपास नाहीशी होतात. विशीत लंडनला शिकून आलेल्या, पुढं आकाशवाणीत नोकरी केलेल्या मर्ढेकरांनी हा संज्ञाप्रवाह मराठी कादंबरीत आणला. त्यांच्या कवितेबद्दल खूप बोललं जातं, या कादंबरीबद्दल फार कमी. मला ते खटकतं.

कारण ती माझ्या कामाची निघाली. मशीनमध्ये जॉब लावला, दरवाजा ओढला, सायकल स्टार्ट केली की हात मोकळे. मग मन सुटतं. गावची आटलेली विहीर, ऊसतोडीची उचल घेतलेला भाऊ, खोलीचं भाडं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, आईचा राहिलेला फोन. यातलं काही लिहिण्याजोगं आहे, हे मला काकांनी दाखवलं. जॉइसनं १९०४मध्ये डब्लिन सोडलं. त्रिएस्तेत इंग्रजी शिकवून पोट भरलं आणि जन्मभर लिहिलं ते सोडलेल्या गावाबद्दलच. हे कळलं तेव्हा नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारे आम्ही सगळे मला निराळेच दिसायला लागले.

मी लिहिलेलं काका ऐकायचे. एकदा म्हणाले, “मशीन चालू असताना माणूस तुटक आठवतो. बंद पडलं की सलग. तुझी वाक्यं दोन्हीकडं सारखीच कशी?” तेवढ्या एका प्रश्नानं माझं लिखाण बदललं. इतकं मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आता मी चाकणच्या प्लांटला असतो. रविवारी चिखलीला काकांकडं जातो. त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्यानं वाचावं लागतं. मध्येच हात वर करून ते विचारतात, “इथं मशीन चालू आहे का बंद?”