बैलाचा ताळेबंद

"एक किलो गोमांसासाठी पंचवीस किलो धान्य लागते" हे वाक्य अलीकडे फार ऐकू येते. कार्यालयात डबा खाताना एखादा सहकारी ते ऐकवतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी मुले मोबाइलवर वाचून येतात आणि विचारतात, "काका, हे खरे आहे का?" आकडा ऐकवणाऱ्याच्या मनात धान्याची काळजी किती आणि कुणाच्या ताटाकडे बोट दाखवण्याची हौस किती, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पण टोमणा आहे म्हणून आकडा खोटा ठरत नाही. माझे वीस वर्षांचे आयुष्य खतावणीत गेले आहे. म्हणून म्हटले, चिडण्यापेक्षा हिशेबच मांडू.

आधी खरे काय ते मान्य करू. अमेरिकेत मांसासाठी वाढवलेली गुरे अखेरचे काही महिने मोठमोठ्या वाड्यांत ठेवून त्यांना मका खाऊ घालतात. तेथे जनावराचे वजन एक किलोने वाढायला साधारण 6 ते 8 किलो कोरडा खुराक लागतो. डुकराला सुमारे 3 किलो आणि ब्रॉयलर कोंबडीला दोन किलोंच्याही आत. शिवाय वाढलेले सगळे वजन ताटात येत नाही. शंभर किलोच्या जनावरातून कातडी, डोके, पोटातला भाग काढला की 50 ते 60 किलो उरते, आणि हाडे वजा जाता 35 ते 40 किलो मांस. म्हणजे 700 किलो खुराकातून 40 किलो, एका किलोला साडेसतरा. त्यात आईने वर्षभर खाल्लेले धरले तर आकडा आणखी चढतो. खुराकातल्या शंभर कॅलरींपैकी जेमतेम तीन माणसाच्या ताटापर्यंत पोचतात. कोंबडीत त्या तेराच्या आसपास पोचतात.

असे का होते, हेही समजून घेतले पाहिजे. गाय नऊ महिने वासरू पोटात वाढवते आणि बहुधा एकच देते. कोंबडी वर्षात शेकड्यांनी अंडी घालते आणि ब्रॉयलर पिल्लू सहा आठवड्यांत बाजारात जाते. गुरांची वाढ संथ, देह मोठा. उभे राहणे, चालणे, रवंथ करणे, अंगाची ऊब राखणे, यातच रोजच्या खाण्याचा मोठा हिस्सा संपतो. चाऱ्यातल्या ऊर्जेचा सुमारे 6 टक्के भाग तर मिथेन वायू होऊन ढेकरांवाटे हवेत जातो, आणि हा वायू पृथ्वी तापवतो. तेव्हा माणसाचे धान्य गुराला घालून त्याचे मांस करणे हा तोट्याचा धंदा आहे, यात शंका नाही.

परंतु आपल्या विदर्भातला बैल मका खाऊन वाढतो काय?

माझे आजोबा उमरेड तालुक्यात सालदार होते. पहाटे चारला उठून मालकाच्या बैलांच्या गव्हाणीत वैरण टाकण्यापासून त्यांचा दिवस सुरू व्हायचा. त्या गव्हाणीत काय असायचे ते वडिलांनी आम्हाला अनेकदा सांगितले. ज्वारीचा कडबा, तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार, धानाचे तणीस. कामाच्या दिवसांत वर थोडी चुनी आणि सरकीची ढेप. दाणे मालकाच्या कोठारात जात, काही पायल्या सालदाराच्या घरी येत, आणि ज्यावर माणूस एक दिवसही जगू शकत नाही ते बैलाच्या पुढे पडे.

ते खाऊन बैल राबतो कसा? त्याच्या जठराला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. कडब्यातला जो काष्ठमय भाग आपल्या पोटात पचत नाही तो ते फोडतात. साध्या युरियातल्या नत्रापासूनही ते स्वतःच्या देहाची प्रथिने बनवतात, आणि पुढच्या कप्प्यात बैल त्यांनाच पचवतो. ही किमया माणसाला येत नाही, कोंबडीलाही येत नाही.

म्हणून खुराक मोजताना एक प्रश्न विचारावा लागतो: यात माणसाच्या तोंडचे किती? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2017 साली जगाचा असा हिशेब प्रसिद्ध केला. पशुधन जे खाते त्यातले 86 टक्के माणसाच्या खाण्याजोगे नसते. एक किलो बिनहाडाचे मांस तयार व्हायला माणसाला खाता येईल असे अन्न रवंथ करणाऱ्या जनावरांत सरासरी 2.8 किलो लागते, आणि कोंबडी-डुकरांत 3.2 किलो. एकूण खुराकात काटकसरी ठरलेली कोंबडी इथे मागे पडते, कारण ती खाते मका आणि सोयाबीन.

आता आपल्या बैलाचा ताळेबंद मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण रीत खरी आहे. समजा बैल 350 किलोचा. पहिली तीन वर्षे त्याने रोज सरासरी 4 किलो आणि पुढची नऊ वर्षे रोज 7 किलो कोरडी वैरण खाल्ली. बारा वर्षांची बेरीज 27 टनांच्या वर जाते. शेवटी मांस निघेल फार तर 120 किलो. भागाकार करा, किलोला सव्वादोनशे किलोंहून जास्त! टोमणा मारणाऱ्याच्या पंचवीसच्या नऊपट. हा भागाकार कागदावर अचूक आहे आणि अर्थाने निरर्थक आहे.

बी.कॉम.ला परिव्यय लेखा शिकताना आम्हाला एक नियम शिकवला होता. एका प्रक्रियेतून अनेक वस्तू निघत असतील तर सगळा खर्च एकाच वस्तूच्या नावे टाकायचा नाही. मुख्य उत्पादन कोणते, उपउत्पादन कोणते, हे आधी ठरवायचे. त्या 27 टन कुटारातून नऊ वर्षांची नांगरणी, वखरणी, डवरणी, पेरणी निघाली. बंडीने माल बाजारात नेला. दररोज शेण मिळाले, त्याचे खत झाले, गोवऱ्या झाल्या. अखेरीस कातडी, हाडे, शिंगे. मांस हे या यादीतले शेवटचे उपउत्पादन. स्टुअर्ट ओडेन्डहाल या अभ्यासकाने 1972 साली बंगालमधल्या सिंगूर भागातल्या गुरांचा असाच सर्व बाजूंनी हिशेब प्रसिद्ध केला होता. काम, दूध, शेण धरून त्यांची ऊर्जा-उपयुक्तता 17 टक्के भरली.

याच ताळेबंदात आणखी एक रकाना असतो. कोणतेही यंत्र वापरले की दरवर्षी घसारा धरतात आणि शेवटी अवशेष मूल्य धरतात. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घेत असे. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. बैल मात्र निकामी झाल्याचा दाखला घेऊन कापता येत असे. विधानमंडळाने 1995 मध्ये केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. बाहेरच्या राज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केले, पण कत्तलबंदी कायम ठेवली. अवशेष मूल्य शून्य झाले, वैरणीचा खर्च मात्र चालूच राहिला. खाटीक, कातडी कमावणारे, गुरांचे व्यापारी यांचा रोजगार गेला तो वेगळाच. देशाच्या पशुगणनेत 2012 ते 2019 या काळात गोवंशातील नरांची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली. याला ट्रॅक्टरही कारण आहे. पण ज्याच्या म्हातारपणाची सोय नाही ते जनावर गरीब माणूस दावणीला बांधणार कसा?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गावगाड्याने मेलेले ढोर ओढायचे काम आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात बांधले आणि त्याचे मांस खातात म्हणून त्यांनाच हीन ठरवले. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृतमांस सोडा असे सांगितले ते माणसाच्या मानासाठी. आणि 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनी इतिहासाचे पुरावे मांडून तपासला. लाज बाळगायची नाही आणि तपासल्याशिवाय बोलायचेही नाही, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

तोच धडा स्वयंपाकघरात वापरू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. मांसातले लोह शरीराला सहज लागू पडते, आणि ब-12 जीवनसत्त्व डाळीत मुळीच नसते. म्हशी-हेल्याचे मांस राज्यात कायदेशीर आहे. ज्यांच्या घरी ते शिजते त्यांनी खुशाल शिजवावे, आणि ताट वाढताना सून आणि मुलगी शेवटी राहणार नाहीत एवढे पाहावे. ज्यांना नको त्यांनी अंडी, दूध घ्यावे. पण नुसत्या प्रथिनांसाठी रोज मांसच हवे असे नाही. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने, तूरडाळीत सुमारे 22, सोयाबीनमध्ये 36 च्या वर. वरण-भात, हरभऱ्याची उसळ यांना कमी लेखू नये.

अभ्यासिकेतल्या मुलांना मी आता हे गणित फळ्यावर करायला लावतो. कुणी आकडा सांगितला की तीन प्रश्न विचारा: जनावराने काय खाल्ले, ते माणसाला खाता आले असते काय, आणि मांसाशिवाय त्याने आणखी काय दिले? मग भागाकार करा. गेल्या आठवड्यात एका मुलीने चौथा प्रश्न सुचवला: त्याला वैरण टाकणाऱ्याच्या वाट्याला काय आले? तो रकाना अजून रिकामा आहे, मी तिला तोच आधी भरायला सांगितला आहे.