दोन पावल्या

आमच्या धर्मग्रामातील मुलांची सहल ठरली की आमची नेमणूकही ठरून जाते. मुलांनी पाळण्यांत बसावे आणि फादरांनी चपला, पाण्याच्या बाटल्या व चष्मे सांभाळावेत. कोल्हापुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदानावर आकाशपाळणे येतात, टोराटोरा येतो, ब्रेकडान्स नावाचे एक गरगरणारे यंत्र येते. या सर्वांच्या कुंपणाबाहेर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी, आम्ही गेली कित्येक वर्षे निष्ठेने उभे आहोत. उंचीचे आणि उताराचे भय हे आमचे जुने दुखणे. पन्हाळ्यावर सज्जा कोठीतून खाली डोकावण्याचे आम्ही आजवर टाळले आहे. करूळ घाटातून एस.टी. उतरू लागली की आमचा हात आपोआप खिशातील जपमाळेकडे जातो. शेजारच्या प्रवाशास वाटते, काय हा भाविक माणूस!

यंदा एका चुणचुणीत मुलीने कुंपणाच्या आतून विचारले, "फादर, तुम्ही एकदा तरी बसलात का हो कशात?"

"बसलो आहे. जर्मनीत," आम्ही म्हणालो.

मुले खो खो हसली. त्यांना ती थाप वाटली. ती थाप नव्हती. परंतु तिच्या मागे एक जुनी थाप आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

जर्मनीतील अनेक धर्मग्रामांत उन्हाळ्यात तेथील धर्मगुरू रजेवर जातात आणि महिनाभर त्यांची जागा सांभाळण्यासाठी भारतातून, आफ्रिकेतून धर्मगुरू बोलावले जातात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये असे बोलावणे आम्हांस आले. बव्हेरियातील एक लहानसे गाव होते. मिस्सेचे जर्मन आम्ही निघण्यापूर्वी ध्वनिफिती ऐकून ऐकून घोटले होते. आमचे उच्चार ऐकून तेथील म्हाताऱ्या बायका मान खाली घालीत. भक्तीने की हसू लपविण्यासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही. त्या प्रदेशात माणसे एकमेकांना भेटली की 'ग्रूस गॉट' म्हणतात. अभिवादनातच देवाचे नाव. आभार मानायचे तर 'फेअरगेल्ट्स गॉट', म्हणजे याचे फळ तुम्हांस देव देवो. दुकानात पाव घेतानाही देवाचे नाव निघते हे पाहून आम्हांस आमच्या खेड्यातल्या 'रामराम'ची आठवण होई.

महिना संपत आला तेव्हा धर्मग्रामातील मंडळींनी आमच्या हाती एक लिफाफा ठेवला. आत ओबरआमेरगाउच्या दुःखसहन नाट्याचे तिकीट होते. त्या उन्हाळ्यात जर्मनीच्या सरकारने अवघ्या ९ युरोंत महिनाभर साऱ्या साध्या गाड्यांनी फिरण्याची सोय केली होती, तेव्हा प्रवासखर्चाचाही प्रश्न नव्हता. मुर्नाउ येथे गाडी बदलून आम्ही एकटेच, एक पिशवी घेऊन, त्या डोंगरातल्या गावी उतरलो.

वाचकांपैकी अनेकांनी या गावाचे नाव ऐकले असेल. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात त्या मुलखात प्लेग पसरला. गावाने वेशीवर पहारा बसविला. परंपरा असे सांगते की, जवळच्या एशेनलोहे गावी मजुरीस गेलेला कास्पार शिस्लर नावाचा गावकरी देवळाच्या सणासाठी पहारा चुकवून घरी आला आणि त्याच्याबरोबर प्लेगही आला. १६३३ साली उरलेल्या गावकऱ्यांनी नवस केला की, ही साथ टळो, आम्ही दर दहा वर्षांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करू. पहिला प्रयोग १६३४ साली कबरस्तानात, नुकत्याच गाडलेल्या माणसांच्या माथ्यावर झाला. तेव्हापासून हा नवस फेडला जात आहे. २०२० चे नाट्य कोरोनामुळे पुढे ढकलावे लागले आणि ते २०२२ मध्ये झाले. साथीच्या नवसाचे नाट्य साथीमुळेच दोन वर्षे अडले!

पात्रे सारी गावचीच. तेथे जन्मलेल्या किंवा वीस वर्षे राहिलेल्या माणसासच रंगमंचावर पाऊल टाकता येते. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून केस आणि दाढी कापायची नाही, असा गावाचा हुकूम असतो. त्यामुळे स्टेशनवर तिकीट तपासणाराही आम्हांस प्रेषितांपैकी एखादा वाटला. दुपारी सुरू झालेले नाट्य मध्ये जेवणाची मोठी सुट्टी घेऊन रात्री संपते. प्रेक्षक छपराखाली, रंगमंच मात्र आभाळाखाली. मधून मधून जुन्या करारातील प्रसंगांची जिवंत चित्रे उभी राहतात. माणसे पुतळ्यांसारखी निश्चल, आणि त्यांच्यावर गायकवृंदाचा स्वर.

क्रुसावरील प्रसंगाने डोळे भरतील अशी आमची तयारी होती. परंतु आम्ही कोलमडलो ते त्याच्या आधी. अंगणातील शेकोटीपाशी पेत्र "मी त्या माणसास ओळखत नाही" असे म्हणाला, आणि आम्ही सेमिनरीतून अभ्यासिलेला, शेकडो प्रवचनांत सांगितलेला तो प्रसंग आम्हांस जणू प्रथमच दिसला. भ्यालेला माणूस किती लहान खोटे बोलतो! त्यात कट नाही, द्वेष नाही, नुसती आपली कातडी वाचविणे. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

आमचे बालपण हरेगावचे. वडील तेथील साखर कारखान्यात कामास होते. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरे आणि आमच्यासाठी वर्ष तेथून सुरू होई. आम्ही नऊ वर्षांचे आणि धाकटा भाऊ सहा-सात वर्षांचा असेल, त्या यात्रेत वडिलांनी आमच्या हाती दोन पावल्या दिल्या. एक आमची, एक त्याची. दोघांनी पाळण्यात बसावे म्हणून. तो पाळणा म्हणजे चार पेट्यांचे लाकडी चक्र, दोन माणसे हातांनी फिरवीत. वर गेलेली पेटी क्षणभर आभाळात अडकून राही आणि मग किंचाळ्यांसह खाली येई. धाकटा आमचा हात ओढीत होता. एकट्या लहान मुलास पाळणेवाला बसू देत नसे. आणि आमच्या पोटात गोळा आला होता.

आम्ही खिशात हात घातला, बाहेर काढला आणि म्हणालो, "पावल्या पडल्या रे कुठेतरी."

तो रडला नाही. तो खाली बसला आणि त्या गर्दीच्या पायांतून, धुळीत, पावल्या शोधू लागला. आम्हीही त्याच्याबरोबर शोधू लागलो. बराच वेळ शोधले. त्याच संध्याकाळी आम्ही त्या दोन्ही पावल्या मतमाउलीच्या दानपेटीत टाकल्या आणि हिशेब मिटला असे समजलो. नऊ वर्षांच्या मुलाचे धर्मशास्त्र ते!

पुढे त्याने श्रीरामपुरात दुकान काढले, संसार केला. २०२१ च्या मे महिन्यात तो गेला. दुसऱ्या लाटेने कोल्हापूर तेव्हा गांजले होते. आम्ही प्लॅस्टिकच्या झग्यात, चार-चार माणसांत दफनविधी उरकीत होतो. एका आठवड्यात तर आम्ही चार घरांतली माणसे मातीआड केली. टाळेबंदी होती. तरीही परवाना काढून जाता आले असते का, हा प्रश्न आम्ही स्वतःस पुष्कळदा विचारला आहे. आपणच साथ घेऊन त्या घरी जाऊ, हे भय खरे होते. तेवढेच एक भय होते, असे मात्र छातीवर हात ठेवून आम्हांस सांगता येणार नाही. एका दयाळू परिचारिकेने त्याच्या कानाशी फोन धरला. इतरांच्या भावांना आम्ही तैलाभ्यंग दिला; आपल्या भावास फोनवरून पुस्तकातील प्रार्थना ऐकविली. पावल्यांविषयी बोलावयाचे राहून गेले.

सकाळी आम्ही गावाबाहेर पडलो. एका बाजूस कोफेल नावाचा सुळका, त्याच्या माथ्यावर क्रूस. दुसऱ्या बाजूस कोल्बेनझाटेल नावाची खिंड. तिच्याकडे लोखंडी दोरावर टांगलेल्या खुर्च्या चढत होत्या आणि तेथून २,६०० मीटर लांबीचा, दोन नळ्यांचा एक रूळ झाडांतून वळणे घेत खाली येत होता. त्यावरून एकेक छोटी गाडी सुसाट येई. खाली एक फलक होता, मुले होती, रांग होती. यात्राच ती. आमचा हात खिशात गेला आणि तेथे नाणी वाजली. खोटे बोलावयास शेजारी कोणीही नव्हते. आम्ही तिकीट काढले.

अशा गाड्यांची कुळकथा मोठी गमतीची आहे. रशियात हिवाळ्यात बर्फाचे कृत्रिम उतार बांधून लोक त्यांवरून घसरत. म्हणून फ्रेंच लोक आजही या प्रकारास 'रशियन डोंगर' म्हणतात. अमेरिकेत १८८४ साली ज्या थॉम्सन नावाच्या गृहस्थाने कोनी आयलंड येथे पाच सेंट घेऊन उतारावरची गाडी चालविली, तो मोठा धर्मभीरू होता. लोकांनी दारूचे गुत्ते सोडून निर्मळ करमणुकीकडे यावे, ही त्याची तळमळ. तेव्हा आमच्या झग्यास हे अगदीच परके नव्हते, असे आम्ही खुर्चीत बसताना मनास समजाविले.

ती खुर्ची हीच पहिली शिक्षा ठरली. पाय अधांतरी, खाली देवदाराचे शेंडे, त्याखाली चरणाऱ्या गायींच्या गळ्यांतील घंटा. वर पोहोचलो तेव्हा दोन दशके जपमाळ म्हणून झाली होती.

गाडी म्हणजे दोन माणसांची, एकापुढे एक अशी बैठक. मोठ्याने मागे बसायचे, लहानाने पुढे. तेथील तरुणाने पट्टा बांधताना विचारले, "एकटेच?" आम्ही मान हलविली. पुढची जागा रिकामी राहिली. दोन्ही बाजूंस दोन दांडे. पुढे ढकलले की गाडी सुटते, आपल्याकडे ओढले की ब्रेक लागतो. गाडीस इंजिन नाही. डोंगराचा उतार हेच इंजिन. चाके रुळास वरून आणि खालून दोन्हीकडून धरून असतात, म्हणून गाडी उसळून बाहेर पडत नाही. आणि वेगही ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास आपोआप रोखला जातो. आमच्या रत्नागिरी रस्त्यावरची एस.टी. याहून जोरात जाते. हे सारे त्याने समजाविले, आम्हांस पटले, आणि पहिल्याच वळणावर आम्ही दांडे छातीशी ओढून धरले.

तसेच आम्ही खाली आलो. पावलापावलाने, देवळातील मिरवणुकीच्या गतीने. मागून आरोळ्या येऊ लागल्या. वळून पाहण्याचे धैर्य नव्हते. तळाशी पोहोचल्यावर कळले की आमच्या मागे पाच गाड्या तुंबल्या होत्या. लगतच्या गाडीतून एक आजोबा आणि त्यांची नात उतरली. नात आम्हांस काहीतरी तावातावाने बोलली. आजोबांनी तिला दटावले आणि इंग्रजीत आम्हांस म्हणाले, "ती विचारते, की थांबायचेच होते तर वर कशाला गेलात?"

आम्ही आजोबांचे आभार मानले आणि पुन्हा रांगेत उभे राहिलो. पैसे जास्त नव्हते. दुपारच्या जेवणाऐवजी दुसरे तिकीट, असा तो व्यवहार होता.

दुसऱ्या खेपेस ब्रेकला हात लावला नाही असे म्हटले तर तेही खोटे होईल. तीन वेळा लावला. परंतु बाकी सारा वेळ दांडे पुढे होते. वारा तोंडावर आदळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते, झाडे दोन्ही बाजूंनी पळत होती. एका मोठ्या गोल वळणावर गाडी कलंडली आणि आमच्या तोंडून जे शब्द निघाले ते मराठीत होते. ते येथे देण्यासारखे नाहीत. पुढची जागा आमच्या डोळ्यांसमोर होती आणि रिकामी होती. आम्ही भावाला हाक मारली. मोठ्याने मारली. त्या वाऱ्यात कोणास ऐकू जाणार होते?

संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर श्रीरामपुरास फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. भावजयीस पाळण्याची, पावल्यांची, दानपेटीची सारी हकीकत सांगितली. सांगताना आमचा आवाज नीट राहिला नाही. ती थोडा वेळ गप्प होती आणि मग हसली.

"फादर, ते तर आम्हाला दर यात्रेत सांगायचे. पोरांना पाळण्यात बसवताना हटकून सांगायचे. म्हणायचे, दादाच्या खिशात पावल्या वाजत होत्या, पण दादा लई भ्यालेला."

"मग तो धुळीत शोधत कशाला होता?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणे. दोन पावल्या खिशात असल्या की वाजतातच की, फादर."

मग तिने विचारले, तिकडे थंडी फार आहे का, आणि जेवणाचे हाल तर होत नाहीत ना.