पाण्याची रेघ

जुनी मोटार पाहावयास जायचे ते सकाळी लवकर, आणि निघण्यापूर्वी मालकाला दूरध्वनी करून एवढेच सांगायचे की, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. आमच्या उस्तादांचा हा पहिला नियम. रात्रभर थंडावलेले इंजिन पहिल्या चावीला जसे खोकते, जो धूर सोडते, त्यावरून त्याच्या पोटातले कळते. दहा मिनिटे आधीच चालवून गरम करून ठेवलेले इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखे शहाणे असते. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल वाजवीपेक्षा अधिक जाते आहे. पांढरी वाफ हिवाळ्याच्या सकाळी क्षणभर दिसणे रास्तच. पण ती थांबेचना, तर रेडिएटरचे पाणी नको तिथे शिरते आहे. ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतल्या अंगाला सायीसारखा दुधाळ थर दिसला, की उस्ताद काही बोलत नाहीत. झाकण लावतात आणि फडक्याने हात पुसू लागतात. हात पुसू लागले की निघायचे, हे मी दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी शिकलो.

२०२५ च्या आरंभी दोन महिने दर रविवारी मी आणि उस्ताद माझ्या स्कूटरवरून बडोद्याच्या निरनिराळ्या सोसायट्यांमध्ये अशा गाड्या पाहत हिंडलो. शेजाऱ्यांनी त्यांचे नाव सुचवले होते. तोवर माझा त्यांचा परिचय नव्हता. हिच्या गुडघ्यांनी स्कूटरला नकार दिला होता, आणि नाशिकला मुलीकडे जाताना दोन बॅगा, लोणच्याची बरणी व पापडांचा डबा मावेल अशी डिकी हवी, ही तिची अट होती. खिसा अडीच लाखांचा. तेव्हा हिशेब करता करता आम्ही आखूड सेडानवर येऊन थांबलो. या गाडीचा जन्मही हिशेबातूनच झालेला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंतचे आणि डिझेल १५०० पर्यंतचे हवे, अशी त्याला जोड होती. मग कारखानदारांनी डिकीवाल्या गाड्यांची शेपटे छाटली. टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये आली. त्याच वर्षी निघालेली मारुतीची डिझायर चार मीटरच्या बाहेर होती, ती २०१२ मध्ये ३९९५ मिलिमीटरची होऊन पुन्हा अवतरली. पाच मिलिमीटर सरकारसाठी मोकळे सोडून! मागून पाहिले तर घाईत मिटलेल्या ट्रंकेसारख्या त्या दिसतात खऱ्या. परंतु लोणच्याची बरणी मावते.

गाड्या दाखवणाऱ्यांची भाषा सर्वत्र एकच. “डॉक्टरनी गाडी छे”, “सिंगल ओनर”, “सौ टका चोख्खी”. बडोद्यात इतके डॉक्टर असतील असे मला वाटले नव्हते. किलोमीटरचा आकडा नेहमी साठ हजारांच्या अलीकडे थबकलेला असे. उस्ताद त्या आकड्याकडे पाहतच नसत. ते ब्रेकच्या पायट्याचे रबर पाहत, स्टिअरिंगवर अंगठे टेकतात तिथली चकाकी पाहत. आकडा मागे फिरवता येतो, झिजलेले रबर पुन्हा भरत नाही. नवेच बसवले असेल तर ते का बसवले, हा प्रश्न उरतोच. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हेही मला तेव्हाच कळले. गॅसचे किट असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का आणि किटची नोंद आरसी बुकात आहे का, हे पाहायचे. बॉनेटच्या स्क्रूंवरचा रंग उडालेला असेल तर मडगार्ड कधीतरी काढले गेले आहे. दारांमधल्या फटी बोटाने चाचपायच्या. डावी-उजवीकडची फट सारखी नसेल तर गाडीने मार खाल्ला आहे.

हे सारे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर याच एका गोष्टीवरून निबंध लिहिला. घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नाही म्हणून तो मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. मग बाजारात नासक्याच गाड्या उरतात. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मला त्यातला एक उल्लेख विशेष आवडतो. हे गृहस्थ निबंध लिहिला त्याच सुमारास वर्षभर दिल्लीला राहून गेले होते, आणि निबंधात त्यांनी तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडीत बसणाऱ्या भारतीय गृहिणींचा दाखला दिला आहे. हिला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “त्यासाठी दिल्लीला कशाला जायला हवे होते?”

बडोद्याच्या तांदळात मात्र खडा एकच, तो म्हणजे पाणी. २०२४ च्या २६ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, धो धो पाऊस झाला. आजव्याचा तलाव भरून वाहिला आणि विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून ३५ फुटांवर गेली. सयाजीरावांनी शहराची तहान भागावी म्हणून बांधलेला तो तलाव पावसाळ्यात असा उलटतो. अकोटा, समा, फत्तेगंज, कारेलीबाग; नदीकाठच्या किती वस्त्या मोजाव्यात! मगरी रस्त्यावर आल्या, त्यांची छायाचित्रे जगभर गेली. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये छपरापर्यंत बुडालेल्या गाड्यांचे छायाचित्र कोण काढतो? पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती चावी फिरवण्याची. हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, पाणी दाबले जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. विमा कंपनी मग विचारते, चावी का फिरवली? ज्यांनी फिरवली नाही त्यांच्या गाड्या धुतल्या गेल्या, वाळवल्या गेल्या. ज्या विमा कंपन्यांनी निकालात काढल्या, त्यांतल्याही काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. मुंबईच्या २६ जुलै २००५ नंतरही हेच झाले होते. जानेवारीत आम्ही पाहत होतो त्या गाड्यांपैकी किती अशा, हे मालकच जाणोत.

पाचव्या की सहाव्या रविवारी एका परिचितांनी सुचवलेली रुपेरी गाडी पाहिली. परिचितांच्या ओळखीतली म्हणून मी निम्मा निर्धास्तच होतो. इंजिन थंड, धूर स्वच्छ, फटी सारख्या. आत बसताच मोगऱ्याच्या अत्तराचा भपकारा आला. आसनांची कव्हरे नवी, पायातले गालिचेही नवे. मालक सभ्य होते, चहा आला होता. “पाणीमां गई छे?” मी विचारले. “ना रे ना,” ते हसून म्हणाले. उस्तादांनी काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा हातात घेतला आणि ओढत राहिले. आपण पट्टा लावतो तेव्हा तो हातभर बाहेर येतो. उस्तादांनी तो शेवटपर्यंत ओढला, जिथवर तो एरवी कधीच येत नाही. त्या शेवटच्या वीतभर भागावर, आडवी, चहाच्या कपात राहते तशी पिवळट-तपकिरी रेघ होती. पुढच्या आसनाच्या रुळात बोट घातले तर नखाला बारीक गाळ लागला. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च धरून त्यांनी मला वायरींची एक जोडणी दाखवली; तांब्यावर हिरवे चढले होते. मालक चहाचा कप हातात धरून उभे होते. उस्तादांनी पट्टा हळूच सोडला, तो आत गेला, आणि ते हात पुसू लागले.

मला राग आला नाही. आला असता तर बरे झाले असते. मला त्या गृहस्थांचा चेहरा ओळखीचा वाटला, कारण तो चेहरा २०१९ मध्ये मी धारण केला होता.

त्या वर्षी ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. आमची जुनी गाडी पार्किंगमध्ये दोन दिवस आसनांपर्यंत पाण्यात होती. मी चावी फिरवली नाही, गाडी ओढून नेली, गॅरेजमध्ये सगळे उघडून वाळवले, आणि ती चालू झाली. पण रात्री केव्हातरी भोंगा आपोआप वाजू लागे. काचांवर आतून दव धरे. ड्रायव्हरचा पट्टा ओढला की अर्ध्यावर अडके आणि मग दोन-तीनदा सोडून ओढावा लागे. दिवाळीपूर्वी ती मी एका व्यापाऱ्याला विकली. त्याने विचारले होते. मी म्हणालो, “गाडी तर नेहमी पार्किंगमध्येच असते.” या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता, हे सांगून टाकावे.

व्यापाऱ्याने माझ्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या आणि पुढे नाव बदलण्याची घाई केली नाही. अशा वेळी कागदोपत्री ज्याचे नाव तोच मालक, जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून ठेवले आहे. मला ते कळले पुढच्या जानेवारीत, घरी ई-मेमो आला तेव्हा. गुन्हा होता सीटबेल्ट न लावल्याचा. दंड पाचशे रुपये. सोबत चौकातल्या कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र होते. काच खाली केलेली, एक तरुण चालवीत होता, शेजारी बाई, तिच्या मांडीवर मूल. त्याच्या खांद्यावर पट्टा नव्हता. आळसाने लावला नसेल, किंवा लावायचा प्रयत्न करून सोडून दिला असेल. छायाचित्रात ते दिसत नाही. मी दंड भरला, व्यापाऱ्यामागे लागून नाव बदलून घेतले, आणि त्या निमित्ताने त्या तरुणाचे नाव आणि पत्ता माझ्या हाती आला. पत्ता आमच्या घरापासून दोन किलोमीटरांवरचा होता. मी गेलो नाही. जाऊन काय सांगायचे, याची वाक्ये मात्र मी पुष्कळदा जुळवली; पार्किंगच्या वाक्याइतके सफाईदार एकही जमले नाही.

असो. रुपेरी गाडीनंतर दोन रविवार आम्ही कुठे गेलो नाही. मग मार्चमध्ये कारेलीबागेतल्या एका बेनची २०१२ ची पेट्रोलवरची डिझायर पाहिली. या वेळी हीसुद्धा सोबत होती. बेन निवृत्त शिक्षिका. मी प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी दार उघडले आणि चौकटीच्या दोन बोटे वर हात धरला. “अहीं सुधी पाणी आव्युं हतुं,” त्या म्हणाल्या. मग आतून एक पिशवी आणली. तीत गालिचे काढून वाळवल्याचे आणि खालच्या वायरी तपासल्याचे बिल होते. मोबाइलवर उन्हात टांगलेल्या गालिच्यांचे छायाचित्रही दाखवले. उस्तादांनी तरीही सगळे पाहिले. पट्टे चारही ओढले, कोरे होते. डिकीतले जादा चाक काढून त्याखालची खळगी पाहिली. तिथे थोडा गंज होता, तोही बेनच्या दोन बोटांच्या हिशेबात बसणारा. डॅशबोर्डखाली सारे कोरडे. क्लच थोडा वर सुटत होता, पुढची बुशे वाजत होती. पाणी आले होते म्हणून बेननी आधीच वीस हजार कमी सांगितले होते. त्यावर घासाघीस करायला मी कचरलो, हिने केली आणि पाच हजार आणखी कमी करून घेतले. आरसी २०२७ पर्यंत आहे. पुढे पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करायचे तर पाच हजारांची फी, ती वेगळी. फॉर्म भरताना बेन एकेक रकाना वाचून सही करीत होत्या, तेव्हा आमच्या हिने माझ्याकडे पाहिले. तिला २०१९ चे कोरे फॉर्म ठाऊक होते. पार्किंगचे वाक्य तेवढे ठाऊक नव्हते.

उस्तादांना त्यांच्या गल्लीशी सोडायला नव्या, म्हणजे जुन्या, गाडीतूनच गेलो. ते पुढे बसले होते, ही मागे. काळ्या घोड्याजवळ सिग्नलला थांबलो असता त्यांनी सहज विचारले, “पहलेवाली गाडी किसको दी, साहब?”

मी सांगितले. पाणी कुठवर होते तेही सांगितले, आणि पट्ट्याचेही. मागे हीची बांगडी वाजली, पण ती काही बोलली नाही. उस्ताद थोडा वेळ गप्प होते.

“नंबर बोलिए.”

तो पाठ होता. त्यांनी मनाशी दोनदा म्हणून पाहिला आणि मान हलवली. ती गाडी त्यांच्याकडे कधी आली नव्हती. तरीही त्यांनी खिशातून छोटी वही काढून नंबर टिपून घेतला, शेजारी गुजरातीत काहीतरी लिहिले आणि मला म्हणाले, पत्ता असेल तर तोही द्या. पट्ट्याचे काम अर्ध्या तासाचे आहे.