शीतगृहातली गाणी

'दिस हीट' या बँडचं नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण ज्या लंडनमध्ये ही तिघं वाजवायची तिथेही त्यांना मानणारी माणसं थोडीच होती. मला ती माहीत झाली दादामुळे, म्हणजे माझ्या मामेभावामुळे. आमच्या अंजनवेलच्या बऱ्याच मुलांसारखा तोही बोटीवर होता, आणि सुट्टीवर आला की घरच्यांसाठी साबण, सेंटच्या बाटल्या, चॉकलेटं आणि स्वतःसाठी कॅसेटी घेऊन यायचा. ती बॅग ओटीवर उघडली की परदेशी साबणाचा, डिझेलचा आणि दमट रेक्झिनचा असा काही मिश्र वास सुटायचा, की अंगणात वाळत घातलेल्या सोड्यांचा वाससुद्धा घटकाभर मागे सरायचा.

त्यातच एकदा 'डिसीट' आली. 1981 साली रफ ट्रेडने काढलेला त्यांचा दुसरा आणि शेवटचा आल्बम. दादाने तो बोटीवरच्या कुणाकडून तरी उतरवून घेतला होता, तोही जत्रेत घेतलेल्या डबलबारी भजनाच्या कॅसेटवर. विकतच्या कॅसेटीवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून तिच्या डोक्यावरच्या दोन खाचा मोकळ्या ठेवलेल्या असत, ते आठवतं ना? त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की झालं. दादाची चिकटपट्टी उन्हापावसाने पिवळी पडली होती, तिच्या कडेला मळ धरला होता, आणि लेबलावरच्या बुवांच्या फोटोला त्याने निळ्या बॉलपेनने गॉगल काढला होता. मामी त्यावरून कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती.

पावसाळ्यातल्या दुपारी, पागोळ्या एका लयीत गळत असताना आणि माजघरात आमसुलांचा आंबूस वास भरलेला असताना, तो ही कॅसेट लावायचा आणि मी सुपातले तांदूळ निवडत ऐकत बसायची. चार्ल्स हेवर्डचा ड्रम, चार्ल्स बुलनची गिटार, आणि तिसरा गॅरेथ विल्यम्स, ज्याला बँडमध्ये आला तेव्हा कुठलंच वाद्य रीतसर वाजवता येत नव्हतं. माझा जीव जडला तो या तिसऱ्यावरच. टेपचे तुकडे जोडून, फिरवून, कीबोर्डवर हात ठेवून तो जे काही करायचा त्याला संगीत म्हणायचं की आणखी काही, यावर आम्ही कधी वाद घातला नाही. ब्रिक्स्टनमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मांस साठवायच्या थंड खोलीत ही मंडळी तालीम करायची, ध्वनिमुद्रणही करायची, आणि त्या जागेला त्यांनी नावही कोल्ड स्टोरेज असंच ठेवलं होतं. "म्हणजे बर्फाच्या फॅक्टरीत भजन बसवल्यासारखं," दादा म्हणायचा, आणि मला ते अगदी पटायचं, कारण त्या गाण्यांत भिंतींचा गारठा खरोखरच ऐकू येतो.

पंक म्हटलं की लोकांना आरडाओरडा आठवतो. मला विचाराल तर ओरडणाऱ्याची भीती लवकर ओसरते. 'डिसीट'ची सुरुवात अंगाईसारख्या एका गाण्याने होते, 'स्लीप'ने, आणि त्या गोडव्यानेच अंगावर काटा येतो. पुढे एका गाण्यात अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली वाक्यं सरळ उचलून अशा तिरक्या चालीवर बसवली आहेत, की तेच शब्द कुणीतरी परक्याने झोपेत बरळावेत तसे वाटतात. तो काळ अणुयुद्धाच्या धास्तीचा. 1980 मध्ये ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका काढून, बाँब पडला तर घरातल्या घरात आडोसा कसा करायचा ते लोकांना समजावून सांगितलं होतं. आल्बमचा शेवटचा तुकडाही अणुबाँबने होणाऱ्या आजाराच्या जपानी नावाचा. त्यात गाणं असं नाहीच, नुसती कण्हल्यासारखी दूरची घरघर, आणि आमच्या कॅसेटवर ती घरघर विरता विरताच खालचं जुनं भजन वर यायचं, मृदंग, झांजा, बुवांचा खडा आवाज, कोरसची आरोळी. त्यामुळे कितीतरी वर्षं मला तो आल्बम हिरोशिमात नाही, विठ्ठलाच्या गजरातच संपतो असं वाटायचं.

पुढे गॅरेथ बँड सोडून केरळात कथकली शिकायला आला, हे दादाला कळलं तेव्हा तो केवढा हरखला होता! "तेव्हा कोकण रेल्वे नव्हती रे देवा, नाहीतर चिपळूणवरूनच गेला असता," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि आल्यागेल्याला अर्थातच गॅरेथ कोण ते ठाऊक नसायचं. 1982 मध्ये बँड मोडला. गॅरेथने पुढे 'फ्लेमिंग ट्यून्स' नावाची एक हळवी, घरगुती कॅसेट केली, आणि भारतावरच्या एका प्रवासी मार्गदर्शिकेच्या लेखकांतही त्याचं नाव आहे.

मधल्या काळात आमच्या गावाच्या अंगावर एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला. मोर्चे झाले, लाठ्या झाल्या, आणि मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. रात्री खाडीच्या पाण्यात त्याचे दिवे हलायचे. मागीलदारी भांडी घासताना एक अखंड घूं कानात बसायची, इतकी की दादा म्हणायचा, आता वेगळी कॅसेट लावायला नको. दोन वर्षांत वीजमंडळाने वीज घेणं थांबवलं आणि ती घूं बंद पडली. डिसेंबर 2001 मध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं काढलं. त्याच महिन्यात गॅरेथ विल्यम्स कर्करोगाने गेला. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. पेपरात एन्रॉनच्या बातम्यांनी पानं भरलेली होती, गॅरेथची ओळसुद्धा नव्हती. ती बातमी दादाला पुष्कळ उशिरा, कुठल्याशा बंदरात कळली.

दादा गेला श्रावणात. त्याच्या ट्रंकेत कॅसेट सापडली तेव्हा फितीवर आमच्या हवेने पांढरी बुरशी धरली होती. मी पेन्सिल घालून ती गुंडाळून पाहिली, फडक्याने पुसली. हाताला डांबरगोळ्यांचा वास राहिला, आवाज काही निघाला नाही.

2016 मध्ये दोघे चार्ल्स पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, ते मात्र 'दिस इज नॉट दिस हीट' या नावाने. मला त्यांचा हा सच्चेपणा फार आवडला. आता तो आल्बम फोनवर लख्ख ऐकू येतो, दादाच्या कॅसेटवर कधी न कळलेले बारीक टेपचे तुकडेसुद्धा. शेवटची घरघर संपली की फोन आपल्या मनाने दुसऱ्याच कुठल्या तरी बँडचं गाणं लावतो, आणि मी चिडून तो बंद करते, कारण तिथे बुवांचाच आवाज यायला हवा.